झिजलेल्या भोकाचा मूळ मध्य

जुन्या इंग्लिश घड्याळाचे यंत्र झिजले तरी ते सहसा एकदम बंद पडत नाही. लंबकाचा झोका हळूहळू आखडत जातो, मग ते दोन-तीन दिवस चालून थांबते आणि लंबकाला हात लावला की पुन्हा सुरू होते. अशा वेळी अधिक जोराची स्प्रिंग बसवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते घड्याळावर याहून मोठा अन्याय नाही, कारण वाढीव जोराने झीज अधिकच वेगाने होते.

सध्या माझ्या टेबलावर 12 इंची तबकडीचे एक भिंतीवरचे घड्याळ उघडलेले आहे. 19 व्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ इंग्लंडमधल्या शाळा, कचेऱ्या व रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर अशी घड्याळे असत. यात फ्यूझी आहे, म्हणजे मळसूत्री खाच कोरलेला पितळी शंकू. स्प्रिंग पूर्ण ताणलेली असताना तिच्या डब्याला जोडलेली साखळी शंकूच्या अरुंद टोकावरून ओढते आणि स्प्रिंग सैल होईल तशी ती रुंद भागाकडे जाते, त्यामुळे चक्रांपर्यंत पोहोचणारा जोर जवळपास सारखा राहतो. मात्र चावी पूर्ण उतरून घड्याळ थांबले तरी स्प्रिंगमध्ये मुद्दाम ठेवलेला थोडा ताण शिल्लक असतो. तो एका खटक्याने अडवलेला असतो. तो ताण आधी चावीने हळूच उतरवल्याशिवाय प्लेटच्या, म्हणजे चक्रांचे आस धरणाऱ्या पितळी पत्र्याच्या, पिना काढू नयेत. असे केले की साखळी आणि बोटे दोन्ही शाबूत राहतात.

झीज पाहण्यासाठी त्याआधीच, म्हणजे यंत्रात जोर असताना, मी मोठे चक्र बोटाने किंचित मागेपुढे करतो आणि प्रत्येक आसाचे टोक भोकात किती उडी मारते ते पाहतो. या घड्याळात तिसऱ्या चक्राचे मागचे टोक चांगलेच उडत होते. वाळलेल्या तेलात धूळ मिसळली की घासणारा लेप तयार होतो. त्याचे कण मऊ पितळात रुततात आणि फिरणारे पोलादी टोक कापत राहतात. म्हणून आधी टोक सरळ व गुळगुळीत करून घ्यावे आणि त्या मापाचा बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायची छोटी पितळी नळी, मगच निवडावा.

भोक सर्व बाजूंनी सारखे वाढत नाही. ज्या दिशेला चक्र रेटले जाते, त्याच बाजूला ते लांबट होते आणि पुढच्या पिनियनमध्ये, म्हणजे लहान दातेरी चक्रात, दात नीट बसेनासे होतात. सुरुवातीच्या काळात मी अशा लांबट भोकात सरळ रीमर, म्हणजे भोक मोठे करणारे हत्यार, घातला होता. रीमरने झिजेचीच वाट धरली, बुश सुबक बसला, पण चुकीच्या जागी. घड्याळ पूर्वीपेक्षा वाईट चालू लागले. आता मी प्लेटच्या बाहेरच्या बाजूची तेलाची वाटी आधी पाहतो. ती मूळ भोकाभोवती कातलेली असते, त्यामुळे जुना मध्य तिच्यावरून समजतो. मग बारीक गोल कानशीने न झिजलेली बाजू तेवढीच कापून भोक दोन्हीकडे सारखे लांबट करतो आणि निमुळता रीमर आतल्या बाजूने फिरवतो. बुशही आतूनच दाबतो, म्हणजे आसाच्या खांद्याचा रेटा लागला तरी तो बाहेर निसटत नाही. टोक बुशमध्ये थोडे कलू शकले पाहिजे. घट्ट बसवण्याचा हट्ट धरला तर तेलाला जागाच उरत नाही.

या प्लेटवर कोणीतरी भोकाभोवती पंचाने ठोकून पितळ आत ढकलले होते. तो उपाय काही महिने टिकतो आणि डाग मात्र कायमचा राहतो. त्याच प्लेटच्या आतल्या बाजूला जुन्या कारागिराने बारीक टोकाने खरडलेली अक्षरे आहेत. पॉलिश करताना त्या भागाला मी हात लावलेला नाही.

बुश झाल्यावर लंबकाचा अँकर (शेवटच्या चक्राचे, म्हणजे एस्केप व्हीलचे, दात एकेक करून सोडणारा भाग) न लावताच यंत्र जोडले आणि मोठ्या चक्राला बोटाने हलका जोर दिला. सगळी चक्रे सळसळत फिरली आणि थांबताना एस्केप व्हील किंचित उलटे वळले. कुठेही अडकत नसल्याची ही चांगली खूण आहे. अँकरच्या दोन्ही पॅलेटवर, म्हणजे त्याच्या टोकांवर, एस्केप व्हीलच्या दातांनी पाडलेल्या खाचा मात्र अजून तशाच आहेत. त्या घासून काढल्या की अँकर चाकाच्या थोडा जवळ आणावा लागेल. ते काम उद्या सकाळच्या उजेडात करणार आहे.