बुधवारच्या बाजारात निरीक्षण करताना

मानसशास्त्राच्या अभ्यासात प्रयोगाला जेवढा मान मिळतो तेवढा निरीक्षणाला मिळत नाही, हे मला खटकतं. ‘नुसतं बघायचंच तर आहे’ म्हणत मुलं वही घेऊन निघतात, आणि वहीत उतरतं ते त्यांचं मत.

नाशिकचा गोदाकाठचा बुधवारचा बाजार या पद्धतीसाठी फार चांगली जागा आहे. विषय घ्या घासाघिशीचा. पण घासाघीस कशाला म्हणायचं, हे निघण्याआधीच लिहून काढा. विक्रेत्याने भाव सांगितल्यावर गिऱ्हाइकाने कमी आकडा बोलणं किंवा ‘कमी करा’ म्हणणं, ही घासाघीस. ‘मेथी कशी दिली?’ ही नाही. वर चार मिरच्या मागितल्या तर त्याला वेगळा रकाना. ‘पाठ फिरवणं’ म्हणजे भाव ऐकून, काही न घेता दोन पावलं तरी लांब जाणं. विक्रेत्याने हाक मारून परत बोलावलं का, हा आणखी एक रकाना.

कोणतं गिऱ्हाईक नोंदायचं हेही आधी ठरवा, उदाहरणार्थ दर पाचवं. नाहीतर मोठ्याने हुज्जत घालणारेच वहीत येतात आणि मुकाट्याने पैसे देऊन जाणारे सुटतात. नावं, फोटो नकोत. पहिली फेरी फक्त सरावाची. तिच्या नोंदी निकालात धरू नका.

आता खरी मेख. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या कागदाकडे न बघता तेच व्यवहार नोंदायचे. समजा, १२० व्यवहारांपैकी पाठ फिरवल्याचं दोघांनीही १२ वेळा लिहिलं, न फिरवल्याचं ९६ वेळा, आणि उरलेल्या १२ मध्ये मतभेद: सहा वेळा फक्त पहिल्याने ‘हो’ लिहिलं, सहा वेळा फक्त दुसऱ्याने. एकमत ९० टक्के! पण प्रत्येकाने १८ वेळाच, म्हणजे १५ टक्के वेळा, ‘हो’ लिहिलंय. इतकी विरळ गोष्ट असली की नुसत्या योगायोगानेही ७४.५ टक्के एकमत होतं (दोघांचं ‘हो’ ०.१५ × ०.१५, दोघांचं ‘नाही’ ०.८५ × ०.८५, यांची बेरीज). मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कप्पा’ (kappa) नावाचा एकमताचा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: (०.९० – ०.७४५) ÷ (१ – ०.७४५), म्हणजे साधारण ०.६१. अहवालात टक्केवारीसोबत हा आकडा हवाच. ते १२ व्यवहार घेऊन दोघांनी बसावं. बहुतेकदा व्याख्येतच फट सापडते. काही आठवड्यांनी पुन्हा जुळवून पाहा, कारण नजर सैल होत जाते.

शेवटचा रकाना वेळेचा, आणि तोच गाळला जातो. घासाघीस जास्त तिथे भाव कमी, असं दिसलं म्हणून घासाघिशीने भाव उतरला असं लिहू नका. दिवस कलला की विक्रेत्याला उरलेली पालेभाजी संपवायची घाई असते आणि गिऱ्हाईकही त्याच हिशेबाने येतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा नोंदी वेगळ्या काढा आणि प्रत्येक गटात तो संबंध उरतो का, ते तपासा.