सैरंध्रीला जाऊन आलो

रात्रीचे साडेनऊ, मुक्काम मुक्काली, केरळ. पाय दुखतायत आणि डाव्या घोट्यावरचं रक्त अजून पूर्ण थांबलेलं नाहीये, तरी आजच लिहून टाकतो, नाहीतर उद्या सगळं मिक्स होईल.

सायलेंट व्हॅली म्हणजे इथलं नॅशनल पार्क, आणि सैरंध्री ही त्याच्या आतली जागा. तिथे स्वतःची गाडी चालत नाही, मुक्कालीहून त्यांचीच जीप आणि सोबत गाइड, मग 23 किलोमीटर वर सैरंध्रीपर्यंत. रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी. मला टेन्शन आईचं होतं, वय 66, पण ती पुढच्या सीटवर मस्त बसली होती आणि मागे मीच दांडा धरून हाय हाय करत होतो. सैरंध्री नाव ऐकल्यापासून ती खूश होती. "अरे, विराटाच्या घरी द्रौपदी हेच नाव घेऊन राहिली होती ना, आणि खाली नदी कुंतीची, सून वर आणि सासू खाली!" गाइड चेट्टाला (चेट्टा म्हणजे मल्याळममध्ये दादा) मी हे मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं तर तो इतका हसला की जीप थांबवतो की काय वाटलं.

नावात सायलेंट असलं तरी शांत वगैरे काही नाही हं. म्हणतात की इथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून इंग्रजांनी हे नाव ठेवलं, पण आम्हाला तर दिवसाढवळ्या ऐकू आली. शिवाय पाऊस थांबून तास झाला तरी झाडांवरून पाणी गळतच होतं, वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून आपल्या मानेत. उजेड हिरवट, खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर अजून काहीतरी, मोकळी जागा म्हणून कुठे नाहीच.

एका झाडाखाली चेट्टा थांबला आणि म्हणाला, वेडिप्लावु. मला ऐकू आलं 'वेडी', मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. मल्याळममध्ये वेडी म्हणजे बंदुकीचा बार आणि प्लावु म्हणजे फणसाचं झाड. खाली काटेरी फळांची सालं पडलेली, अर्धवट खाल्लेली, आणि चेट्टा एकदम बोट वर करून गप्प. सिंहपुच्छ माकडं! काळी कुळकुळीत, तोंडाभोवती करडी आयाळ, सात-आठ तरी असतील. ही फक्त पश्चिम घाटातच सापडतात आणि बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यांवरच काढतात, म्हणून या वेडिप्लावुसारखी झाडं एकसलग राहिली तरच ती राहणार. मी मोबाइल काढेपर्यंत अर्धी पलीकडच्या झाडावर.

सैरंध्रीला एक वॉच टॉवर आहे, साधारण 30 मीटरचा. आई खाली बसली, मी चढलो, वर वाऱ्याने तो हलतो की मला तसं वाटलं देव जाणे. समोर सगळं जंगल, ढग, मधेच कुंतीची खोल घळ. चेट्टाने हाताने हवेत एक आडवी रेघ मारली, म्हणाला धरण इथे येणार होतं. वीज प्रकल्प, 1973 ला मंजुरी मिळालेला, साधारण 830 हेक्टर पाण्याखाली जाणार होतं. मग लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेची माणसं, सुगतकुमारींसारख्या कवयित्री, पक्षीतज्ज्ञ सालिम अली, असे कितीतरी लोक उभे राहिले, 1983 ला प्रकल्प रद्द आणि 1984 ला नॅशनल पार्क. हे मी आधी वाचलेलं, पण त्या रेघेच्या खाली बघताना पोटात कसंतरी झालं. जिथे मी बघत होतो तिथे पाणी असतं, आणि लोकांनी बोटीतून फोटो काढले असते, मीसुद्धा काढले असते, नाही कशाला म्हणू! विजेची गरजही काही खोटी नव्हती, ते भांडण सोपं नसणार.

मग नदीपर्यंत दीड किलोमीटर चालत. पाणी काचेसारखं, वरच्या अंगाला वस्तीच नाही म्हणून. झुलत्या पुलाच्या पलीकडे आपल्याला सोडत नाहीत, बरंच आहे.

आणि जळवा. बुटात, मोज्यात, एक तर पार गुडघ्याच्या मागे. चावताना कळतच नाही, लाळेत रक्त गोठू न देणारं काहीतरी असतं त्यामुळे नंतर धार लागते. मी नाचत होतो. आईला एकही नाही! म्हणे "मी एका जागी थांबलेच नाही, तू फोटो काढत बसलास."

आत्ता तीच विचारतेय, माकडाचा फोटो आला का नीट. आलाय, पण फांदी आणि खाली लोंबणारी शेपटी, गोंड्यासकट, तेवढीच.