उरुशीचं पेन आणि लहानपणचा बिब्बा

नोकरीनिमित्त तोक्योत येऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिन्ही वर्षं मी एका दुकानाच्या काचेपाशी थांबून पुढे निघून जात होते. आत नाकाया या जपानी कंपनीचं शाईचं पेन होतं, उरुशीचे, म्हणजे जपानी लाखेचे, थर चढवलेलं. किंमत लाख येनच्या वर. निब मात्र प्लॅटिनम कंपनीच्या साध्या प्लास्टिकच्या ३७७६ पेनाच्याच घराण्यातली. (३७७६ म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची.) मग पाच-सहा पट पैसे नुसत्या वरच्या थराचे द्यायचे?

आधी साधं ३७७६ घेतलं आणि महिनाभर रोजनिशी त्यानेच लिहिली. जपानी निब युरोपातल्यापेक्षा बारीक असते, त्यामुळे 'क्ष', 'ष्ठ' शाईने भरून जात नाहीत. लिहिण्याचं समाधान तिथेच झालं. प्रश्न उरला तो उरुशीचा.

आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा देऊन एका हंगामात जेमतेम २०० मिलिलिटर चीक निघतो, आणि बहुतेकदा त्यानंतर झाड तोडतात. तो सुकतो कसा हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. कोरडी हवा त्याला चालत नाही, ७०-८० टक्के दमट हवा लागते. आपल्याकडे श्रावणात पापड वाळत नाहीत, तसल्या हवेत हा चीक घट्ट होतो. थर द्यायचा, दमट कपाटात ठेवायचा, घासायचा, पुन्हा थर. महिने जातात.

हे सगळं उत्साहाने आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, बिब्ब्यासारखंच की! तुला लहानपणी बिब्बा उतला होता, विसरलीस? तोंड सुजलं होतं नुसतं."

मी शोधलं, तर खरंच. उरुशी, बिब्बा, काजू, आंबा, सगळी एकाच कुळातली झाडं, आणि कच्च्या उरुशीने कारागिरांच्या अंगावरही पुरळ उठतं. पूर्ण सुकलेली उरुशी सहसा बाधत नाही, पण एवढे पैसे 'सहसा'वर कसे टाकायचे?

शनिवारी दुकानात जाऊन मी हे स्पष्टच सांगितलं. दुकानातले आजोबा अजिबात हसले नाहीत. नवीन पेन मागवू नका, म्हणाले. काचेतलं दीड वर्षापूर्वीचं, पुरतं सुकलेलं पेन काढून हातात दिलं आणि मला खुर्चीवर बसवलं. अर्धा तास मी ते धरून बसले. आत एबोनाइट, म्हणजे कडक रबर, त्यामुळे हाताला धातूसारखं गार लागत नाही. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा. पण टोपणाच्या कडेला, जिथे थर पातळ होतो, तिथे खालचा लाल रंग केसाएवढ्या रेघेने उमटलेला. वर्षं जातील तशी वरची उरुशी पारदर्शक होते आणि ती लाली वाढते, असं त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी पेन न घेताच परतले. दोन दिवस बोटं बघितली. खाज नाही, पुरळ नाही. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर जाऊन तेच पेन घेतलं. सोन्याची नक्षी केलेलं दुसरंही एक होतं, ते नको म्हटलं. मला ती रेघच हवी होती.

पहिलं पत्र आईलाच लिहिलं. फोटो पाठवला तर म्हणाली, "काळंच तर आहे!" रेघ फोटोत येत नाही. दिवाळीला घरी जाईन तेव्हा तिच्या हातात देईन.