टेबल सॉ, नोंद ४: चिकटलेला रिले

गेल्या शनिवारी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या गोल करवतीवर, सागवानाची फळी अर्धी चिरून झाली आणि बंद करायचं लाल बटण दाबलं. पातं फिरतच राहिलं. पुन्हा दाबलं, तेच. शेवटी भिंतीवरचं मेन पाडलं. पातं थांबेपर्यंत मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो, शाळेतल्यासारखा.

मशीन जुनी घेतलेली, हे आधीच्या नोंदीत आलंय. स्विचबॉक्स उघडला तर आधीच्या मालकानं आत चौकोनी रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, बसवलेला. त्यावर १६ अँपिअर, २५० व्होल्ट. आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी पट्टी, वितळून चिकटलेला. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटल्यावर टक्कन सुटला. मोटर १ एचपी, सिंगल फेज, प्लेटवर ७.२ अँपिअर. म्हणजे रिले दुपटीहून मोठा, तरी गेला?

उद्यमनगरात दुकानदार काकांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून एकदाच बघितलं. "हे हीटरचं रेटिंग हाय, मालक. मोटरचं येगळं असतंय." खरंच होतं ते. रिलेवरचा ठळक आकडा बहुतेक वेळा रेझिस्टिव्ह लोडचा, म्हणजे हीटरसारख्या उपकरणाचा असतो. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे माझ्याकडे ४० अँपिअरच्या आसपास. रिले घ्यायचाच तर त्यावर मोटरचं एचपी रेटिंग छापलेलं बघून घ्यायचा.

मित्र म्हणाला, दोन कॉन्टॅक्ट पॅरलल जोड. उपयोग नाही, दोन्ही एकाच क्षणी कधीच मिटत नाहीत, जो आधी मिटतो तोच सगळा झटका खातो. सॉलिड स्टेट रिलेही (हलते भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक) मनात आला होता, पण तो बिघडला की बहुतेकदा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे चालूच राहतो. करवतीला तसलं नको.

म्हणून रिले सोडून कॉन्टॅक्टर घेतला, म्हणजे मोटरसारख्या जड लोडसाठीचा रिलेचा दणकट भाऊ. त्याच्या अंगावर दोन आकडे आहेत: एसी-१ ला (हीटरसारखा लोड) २५ अँपिअर, एसी-३ ला ९. आपल्या कामाचा दुसरा, कारण एसी-३ म्हणजे मोटर सुरू करणं आणि चालू असताना बंद करणं. कॉन्टॅक्ट ओढून मिटवणारी कॉइल २३० व्होल्टची.

खरी गंमत रविवारी कळली. कॉन्टॅक्टर लावला, हिरवं बटण दाबलं, तर किटकिटकिट. संध्याकाळी आमच्या गल्लीत मीटर २०८ व्होल्ट दाखवत होता. शेडपर्यंतची वायर १५ मीटर, १ स्क्वेअर एमएम. जाऊन-येऊन ३० मीटर तांबं, साधारण अर्धा ओहम. ४० अँपिअरला २० व्होल्ट तिथंच गळतात. उरले १८८. कॉन्टॅक्टर खात्रीनं ओढायला कॉइलला ८५ टक्के, म्हणजे १९५ च्या वर लागतात. कॉइल ओढते, मोटर झटका घेते, व्होल्टेज पडतं, कॉइल सोडते, पुन्हा ओढते. प्रत्येक किटकिटीला कॉन्टॅक्टवर ठिणगी. जुना रिलेही असाच भाजला असणार, आणि मी महिनाभर त्या आवाजाला 'मशीनची सवय' म्हणत होतो!

वायर २.५ स्क्वेअर एमएमची ओढली. आता गळती ८-९ व्होल्ट. त्याच संध्याकाळच्या व्होल्टेजवर दहा वेळा चालू-बंद केली. दर वेळी एकच ठक्क.

मोटर जास्त करंट ओढायला लागली की बंद पाडणारा ओव्हरलोड रिले ५.५ ते ८ अँपिअर रेंजचा घेऊन ७.२ वर ठेवलाय. तो तीन फेजसाठीचा, म्हणून सिंगल फेजला त्याचे तिन्ही पोल (करंट जायचे मार्ग) भरावे लागतात, नाहीतर एक फेज गेली समजून तो ट्रिप होतो. फेज पहिल्या पोलमधून काढून वळवून दुसऱ्यातून घेतली, न्यूट्रल तिसऱ्यातून.

शेवटची चाचणी: मशीन चालू असताना मेन पाडलं, पातं थांबल्यावर पुन्हा चढवलं. करवत गप्प. लाईट येताच आपोआप सुरू व्हायची भीती होती, ती गेली. जुन्या डब्यात मात्र हे सगळं मावत नाही. सध्या कॉन्टॅक्टर लाकडी फळीवर उघडाच आहे, म्हणून भुसा पाडायचं काम बंद. पत्र्याचा डबा, झाकणाला रबर आणि पत्र्याला अर्थिंग, हे पुढच्या रविवारी.