येझदीचा डावा सायलेन्सर

उजव्या बाजूनं फटफट आवाज येतोय आणि पँटवर काळं ऑईल उडतंय, एवढीच अण्णांची तक्रार होती. गाडी येझदी रोडकिंग, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, आणि मी ती दुरुस्त करणारा मिस्त्री. अण्णा यंत्रमागावरनं रिटायर झालेले, सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतात, लॉकडाऊनमध्ये गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, मग परत चालू केली आणि तेव्हापासनं "जरा मंद झालीय, वय झालं" म्हणत चालवत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, येझदीला सिलिंडर एकच, अडीचशे सीसी, पण एक्झॉस्टची तोंडं दोन, म्हणून इंजिनापासनं सायलेन्सरपर्यंत जाणारे वाकडे बेंड पाईप दोन आणि सायलेन्सरही दोन. बेंड ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, बसतो तो खाचा असलेल्या मोठ्या गोल नटानं. तो नट फिरवायला हूक पाना लागतो, पूर्वी गाडीसोबतच यायचा. आता पाना कुणा मिस्त्रीकडं नाही आणि घ्यायची इच्छा पण नाही, खाचेत छिन्नी लावली, हातोडा मारला की झालं. बाहेरगावाहून येणाऱ्या येझद्यांची पण हीच गत, नटाचे दात उडालेले आणि आटे निम्मे गेलेले. आपल्याच लाइनमधल्या लोकांना नावं ठेवू नयेत म्हणतात, पण हे बघितलं की राहवत नाही.

अण्णांच्या उजव्या नटाला तर आधीच्या मिस्त्रीनं बाइंडिंग वायर गुंडाळून वरनं लांबी (पुट्टी) भरली होती! जोडातनं धूर गळू नये म्हणून बसवतात त्या पॅकिंग रिंगचा पत्ताच नाही.

खोलायच्या आधी मी गाडी चालू करून दोन्ही पाईप बघतो, ही माझी सवय. उजव्या बेंडवर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला. डाव्यावर टाकला तर तसाच ओघळत खाली आला. सायलेन्सरच्या शेपटाला हात लावला, गार. मागनं धूर पण नाही. उजव्या बेंडचा क्रोम निळा पडलेला आणि डावा नव्यासारखा चकचकीत, त्याचं अण्णांना कौतुक, "डावी बाजू बघ कशी ठेवलीय". म्हटलं अण्णा, डावी बाजू बंद आहे हो.

डाव्या सायलेन्सरच्या मागच्या तोंडातली, आवाज दाबणारी जाळीची नळी ओढायला लागलो तर निघेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवली, सकाळी फिरवत फिरवत काढली तेव्हा आतनं मातीचे गोळे पडले. कुंभारमाशीनं घर केलेलं, खोलीला खोली लावून अख्खं तोंड लिंपून टाकलं होतं. एक गोळा फोडला तर आत कोळ्यांचे सुकलेले पाय, जसेच्या तसे, इतकी ती बाजू गार राहिली होती. दुसरी गाडी असती तर धूर कोंडून चालूच झाली नसती, पण येझदीला उजवी वाट मोकळी होती ना. सगळी उष्णता, सगळा दाब, ऑईलचा सगळा चिकटा एका नटावर, मग तो ढिला होणारच. आणि आधीच्या मिस्त्रीनं त्याच नटाला वायर बांधून पैसे घेतले, दुसऱ्या बाजूला हात लावून बघितलं नाही.

उजवा नट गॅसनं तापवून काढला. तोंडाचे आटे बसण्याजोगे राहिलेच नव्हते, म्हणून ब्लॉक उतरवून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडं नेला. ब्लॉक बिडाचा, ठिसूळ, त्यामुळं हात हलका लागतो. जुने आटे छिलून एक साइज बारीक नवे पाडले आणि त्या मापाचा नट वेगळा बनवून घेतला. नवी जावा-येझदी बाजारात आली तेव्हापासनं पोरं विचारतात, शोरूममध्ये पार्ट मिळेल की. नाही मिळत बाबांनो, नावापलीकडं त्यात जुनं काही नाही.

काजळी मी कॉस्टिक सोड्यानं काढतो, भट्टीत टाकून जाळत नाही, जाळलं की क्रोम गेला. बसवताना सगळं आधी ढिलं ठेवायचं. पॅकिंग रिंग, बेंड, नट हातानं फिरेल तेवढा, मग सायलेन्सर बेंडवर सरकवायचा, मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट नुसता अडकवायचा. घट्ट करायला सुरुवात ब्लॉककडनं, मग जोडाचा क्लॅम्प, ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर पहारीनं पाईप ओढून बोल्ट घालायचा नाही, ब्रॅकेट सरळ करायचा. ओढून बसवलेला पाईप थरथरत राहतो आणि नट परत सुटतो. गाडी एकदा तापवायची, गार होऊ द्यायची आणि नट परत आवळायचा, हे तर कुणीच करत नाही.

गाडी चालू झाली, दोन्हीकडनं सारखा धूर, हात लावला तर दोन्ही बेंड सारखे तापलेले. मी खूश. अण्णा सात रस्त्यापर्यंत जाऊन आले आणि स्टँडला लावून गप्प उभे राहिले.

"काय बे मिस्त्री, माझ्या गाडीचा आवाज कुठं गेला?"

म्हटलं अण्णा, हाच कंपनीचा आवाज आहे. ते म्हणाले पळतीय चांगली, पिकअप आहे, पण ही दुसऱ्याची गाडी वाटतीय. वर म्हणतात डाव्या बाजूला बूच मार. मी नाही म्हटलं, सोलापूरच्या मे महिन्यात एका वाटेनं टू-स्ट्रोक चालवली तर पिस्टन तापून जाम होईल एक दिवस. मग म्हणाले दोन्ही जाळ्याच काढ. त्यालाही नाही म्हटलं, ट्रॅफिकवाले आधीच बुलेटचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जमा करून रोलरखाली घालतात. पैसे पूर्ण दिले त्यांनी, घासाघीस पण केली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतर त्यांचा पुतण्या भेटला, तो सांगत होता की काका गाडीवर तुळजापूरला जाऊन आले, घाट बिनतक्रार चढली, आणि येताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते की मिस्त्रीनं आवाज घालवला. काम बरोबर झालंय, हे मी कुणापुढंही लिहून देईन. पण गिऱ्हाईक कानानं गाडी ओळखतं आणि इतकी वर्षं त्यानं एका बाजूचाच आवाज ऐकलाय, तर मी नक्की काय दुरुस्त केलं हे डोक्यातनं जात नाही. काल अण्णांचा फोन आला, जुना नट आणि वायर फेकू नको म्हणाले, मंगळवारी येतो. कशाला ते सांगितलं नाही.