नैरोबीतील कापडी पिशवी आणि अडलेला करार

नैरोबीला यायला निघाले, त्याच्या आदल्या रात्री आईने बांधलेले मेतकूट आणि कुळथाचे पीठ पातळ पिशव्यांतून काढून मी स्टीलच्या डब्यांत भरले. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि ती मोडणाऱ्याला ४० लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा ४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथील बाजारात कांदे-बटाटे थेट आपल्या कापडी पिशवीत पडतात. तरीही सरहद्दीपलीकडून चोरून आलेल्या पिशव्या अधूनमधून दिसतातच. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर शेजारच्या राज्यांतून पिशव्या येत राहिल्या, तसेच हे आहे.

एकट्याने घातलेली बंदी गळते, हे पूर्व आफ्रिकेने अनुभवले आहे. २००८ मध्येच पिशव्या बंद करणाऱ्या रवांडाने पेरूसह पुढाकार घेतला आणि मार्च २०२२ मध्ये याच नैरोबीत, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत, प्लॅस्टिकविषयी बंधनकारक जागतिक करार करण्याचा ठराव संमत झाला. त्यानंतर बैठकांमागून बैठका झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातील बैठकही करारावाचून संपली.

मुख्य तिढा उत्पादनाचा आहे. रवांडा, नॉर्वे, युरोपीय संघ आणि ज्यांच्या किनाऱ्यांवर इतरांचा कचरा येऊन लागतो ती लहान बेटराष्ट्रे म्हणतात की मुळात प्लॅस्टिक कमी बनले पाहिजे. सौदी अरेबिया, रशिया, इराण यांसारख्या तेल आणि वायू उत्पादक देशांना मात्र करार कचऱ्याच्या व्यवस्थापनापुरताच हवा आहे. भारतानेही २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील बुसानला झालेल्या बैठकीत कच्च्या प्लॅस्टिकच्या उत्पादनावरील नियमनाला पाठिंबा नाकारला, विकासाचा हक्क पुढे केला आणि निर्णय सर्वसहमतीनेच व्हावेत असा आग्रह धरला.

विकसनशील देशांना करार अमलात आणण्याचा खर्च पेलण्यासाठी स्वतंत्र निधी मिळावा, ही भारताची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. सर्वसहमतीची अट मात्र पटत नाही, कारण तिच्यामुळे शंभराहून अधिक देशांची इच्छाही मूठभर देशांच्या नकारापुढे अडून राहते.

बुसाननंतर माझ्या केनियन शेजारणीने विचारले, “तुम्ही तर २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर घरी बंदी घातलीत, मग तिथे विरोध का?” निधीचा मुद्दा मी तिला समजावून सांगितला आणि तो तिला पटला. उत्पादनाबद्दल तिने पुन्हा विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.