वाक्य पुरं करणारी माणसं

नवऱ्याचं किंवा बायकोचं 'ऑनलाइन काहीतरी' सापडलं म्हणून समुपदेशनाला येणारी जोडपी मला नवीन नाहीत. पुरावेही आता ठरून गेलेत : स्क्रीनशॉट, रात्री दीड वाजता दिसलेलं 'ऑनलाइन', बदललेला पासवर्ड. त्या दिवशी मात्र समोरच्या बाईने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. सगळं छापून आणलेलं, तारखेप्रमाणे लावलेलं, मधल्या काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा.

"वाचा," ती म्हणाली. "आणि हा माणूस कोण आहे ते मला सांगा."

तो माणूस तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. (दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी वाचायला घेतलं. प्रेमपत्रं असतील अशी माझी अटकळ होती. निघालं भलतंच. अडखळत बोलणाऱ्या लोकांचा एक ऑनलाइन गट होता. हा तिथे टोपणनावाने कित्येक वर्षं लिहीत होता. पहिल्याच पानावर एका मुलाने विचारलं होतं की मुलाखतीत स्वतःचं नावच तोंडातून फुटत नाही, काय करू? त्यावर याचं उत्तर जवळजवळ दीड पान होतं. 'बाकी कुठलाही शब्द अडला तर आपण त्याच्या बाजूने वळसा घालून जातो, दुसरा शब्द घेतो. नावाला दुसरा शब्द नसतो, म्हणून तिथे सगळ्यांचीच गाडी अडते. तू एकटा नाहीस. आणि आत शिरल्याबरोबर पहिल्या वाक्यातच सांगून टाक, की मला बोलायला जरा वेळ लागतो. लपवण्यात जी ताकद जाते ती वाचेल.' खाली त्या मुलाचं 'थँक यू दादा'. असे दादा, दादा पुढच्या कितीतरी पानांवर. चिडलेल्यांना शांत करणं, रडणाऱ्यांशी रात्री उशिरापर्यंत लिहीत बसणं, अधूनमधून चांगला खवचट विनोद. मी तिसऱ्या-चौथ्या पानाला हसलेसुद्धा.

"हसू आलं ना?" ती म्हणाली. "मलाही आलं. या माणसाने मला शेवटचं कधी हसवलं ते आठवत नाही. मॅडम, दुसरी बाई असती ना, तर परवडलं असतं. भांडायला कोणीतरी असतं. इथे कोणाशी भांडू? हा माणूस मला का नाही मिळाला?"

तो काही बोलला नाही. त्याने तोंड उघडलं, मानेची शीर ताणली गेली, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "तो म्हणेल, तसं काही नाहीये." त्याने तोंड मिटलं.

पुढच्या अर्ध्या तासात हे मी पुन्हापुन्हा पाहिलं. ती दुष्टपणाने करत नव्हती. लग्न झाल्यापासून ती त्याचा आवाज होती. फोन ती करायची, चौकशीच्या खिडकीवर ती उभी राहायची, मुलांच्या शाळेतल्या सभेत ती बोलायची. माझ्याकडची वेळही तिनेच घेतली होती. शब्द अडला की मदत करायची, यात कुणालाही चांगुलपणाच दिसेल.

अडखळण्याबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. जे ऐकू येतं तो त्याचा लहानसा भाग. मोठा भाग ऐकूच येत नाही, कारण तो टाळलेल्या शब्दांचा असतो. प्रौढांत शंभरात साधारण एक जण अडखळतो, त्यांत पुरुष बायकांच्या चौपटीच्या आसपास, आणि यांतले अनेक जण बोलताना सतत पुढच्या शब्दाकडे नजर ठेवून असतात. अडेल असं वाटलं की दुसरा, सोपा शब्द. तोही नसेल तर गप्प. याला 'चालेल' हा शब्द सहज यायचा. त्यामुळे घरात त्याला सगळंच चालायचं. सुट्टीत कुठे जायचं, भिंतींना कुठला रंग, मुलीने कुठली शाखा घ्यायची : चालेल. बायकोच्या मनात वर्षानुवर्षं जो नवरा तयार झाला तो हा : भला, निरुपद्रवी, कशाबद्दलच फारसं मत नसलेला. आणि इकडे छापील पानांत ठाम मतांचा एक माणूस बसलेला. दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढणारा, प्रसंगी माघार घेणाराही.

खरा कोणता? तिचा प्रश्न हाच होता. माझ्याकडे येणारे बहुतेक जण हा प्रश्न उत्तरासकट घेऊन येतात : समोरचा तो खरा, पडद्यावरचा तो मुखवटा. माझा या उत्तरावर फारसा विश्वास नाही. मानसशास्त्रज्ञ कॅटलिन मॅककेना, जॉन बार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग मला इथे नेहमी आठवतात. त्यांनी विद्यार्थ्यांना आधी विचारलं, की तुम्ही इतरांसमोर एरवी कसे वागता आणि मनातून खरे कसे आहात पण ते दाखवू शकत नाही. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कोणाला अनोळखी माणसाशी समोरासमोर बोलायला लावलं, कोणाला इंटरनेटवरून. इंटरनेटवर बोललेल्यांच्या मनात ते दुसरं, एरवी न दाखवलेलं रूप अधिक चटकन वर आलं. समोरासमोर बोललेल्यांच्या मनात रोजचंच. तेव्हा पडद्याआड माणूस खोटाच होतो असं म्हणायला आधार नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन सुटणाऱ्या या लगामाबद्दल लिहिताना त्याच्या दोन बाजू सांगितल्या होत्या. नाव लपलेलं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच द्यायचं नाही, या त्याच कारणांनी एक जण परक्याला शिव्या घालतो आणि दुसरा परक्यासाठी रात्र जागवतो. शिव्यांची चर्चा फार होते. या दुसऱ्या माणसाची कोणी करत नाही, कारण तो कुणाला त्रास देत नाही. बायको सोडून.

पण एवढं सांगून त्याच्या बाजूने निकाल द्यावा, तर तेही मला पटत नव्हतं. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे तंतोतंत लागू होती. लिहून बोलणाऱ्याला आपलं काय दाखवायचं हे निवडता येतं, खोडता येतं, आणि वाचणारा मधल्या मोकळ्या जागा आपल्या मनाने, बहुधा चांगल्याच गोष्टींनी भरतो. मी त्याला विचारलं, एवढं दीड पान लिहायला किती वेळ लागतो? त्याने हाताने दाखवलं : खूप. मग शब्द काढत, थांबत म्हणाला, की तीन-चार वेळा खोडतो. त्या मुलांना 'दादा' मिळत होता तो चौथ्या मसुद्यातला. बायकोला मिळत होता पहिला खर्डा. तोही ऑफिसातून थकून आलेला, डोकं दुखत असलेला, मोजे कुठेही टाकणारा. आजारपणात त्याला उठून पाणी कोणी दिलं? गटातल्या कोणी नाही. तिचा राग केवळ हेव्याचा नव्हता. आपण अख्खा माणूस सांभाळला आणि त्याचा उत्तम भाग परक्यांनी नेला, असा तो हिशेब होता. आणि हिशेब म्हणून तो चूक नव्हता.

मग ती म्हणाली, "हे बघा," आणि गठ्ठ्यातून एक पान ओढलं. त्याच्यावरच्या रेघा पेन्सिलीच्या नव्हत्या, लाल पेनाच्या होत्या. ती मोठ्याने वाचू लागली.

"'जवळची माणसं आपलं वाक्य पुरं करतात ती मायेपोटीच करतात. त्यांच्यावर रागवू नका...'"

तो खुर्चीत पुढे झाला. पान त्यालाही दिसत होतं. आणि तिच्या आवाजात आवाज मिसळून तोही वाचू लागला : "'पण पुरं झालेलं वाक्य त्यांचं असतं. मला काय म्हणायचं होतं ते त्यांना कधी कळत नाही, आणि काही वर्षांनी मलाही...'"

एकही अडखळ नाही. स्वच्छ, थोडा खर्जातला आवाज. ती इतकी चकित झाली की वाचायची थांबली. ती थांबल्याबरोबर पुढच्याच शब्दावर तो अडला. 'आ', 'आ', 'आ'... 'आठवत' हा शब्द होता.

"जमतंय तुला!" ती जवळजवळ ओरडली. "मॅडम, बघितलंत? जमतंय की!"

मला हा आनंद मोडावा लागला. दोघांनी एकसुरात वाचलं की अडखळणाऱ्या बहुतेकांची वाचा मोकळी होते. गातानाही होते. हे फार जुनं निरीक्षण आहे, आणि साथ सुटली की परिणामही सुटतो. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते अडखळण्याचे संशोधक एरिक जॅक्सन आणि सहकाऱ्यांचं २०२१ मधलं काम. त्यांनी अडखळणाऱ्या २४ प्रौढांना निरनिराळ्या परिस्थितींत बोलायला लावलं. आपलं कोणीही ऐकत नाही अशी खात्री असताना, स्वतःशीच बोलताना, ते जवळजवळ अडखळलेच नाहीत. शब्द तेच, जीभ तीच. फरक फक्त ऐकणारा आहे की नाही याचा. हे मी सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" तसं मुळीच नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. अडखळण्याचं मूळ मेंदूतल्या वाचेच्या जडणघडणीत आहे, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. बायको, आई, शिक्षक यांनी ते निर्माण केलेलं नसतं. पण आपण बोलतो ते कोणासमोर, यावर आपण कसे बोलतो हे अवलंबून असतं, आणि ते फक्त त्याच्यापुरतं खरं नाही. ती स्वतः आईशी फोनवर बोलते आणि माझ्याशी बोलते, त्या दोन बायका तरी एक आहेत का?

यावर ती गप्प बसली. आणि ती गप्प बसली म्हणून त्याला जागा मिळाली. त्याला जे वाक्य बोलायचं होतं त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. तिचा हात दोनदा वर आला, तिने तो मांडीवर दाबून धरला. अडत, ओढत, एका शब्दाशी तर डोळे मिटून झगडत तो म्हणाला, "मला चांगलं बोलता यायला नकोय. मला पूर्ण बोलायचंय. तिथे... पाठव दाबेपर्यंत मध्ये कोणी बोलू शकत नाही."

गटात त्याला काय मिळत होतं याबद्दल मी मनात बरंच काही रचलं होतं : कौतुक, मान, दादापण. तेही असेल. पण त्याला हवा होता वाक्याच्या शेवटापर्यंतचा वेळ, आणि तो यंत्राकडून मिळत होता. एखादी खिडकी उघडून बसावं इतकी साधी गरज.

त्याचीही एक तक्रार होती आणि ती योग्य होती. लॅपटॉप घरातला सामायिक, खातं उघडं राहिलं हे खरं, म्हणून रात्रभर बसून सगळं वाचायचं आणि छापायचं? त्या पानांवर दुसऱ्यांची दुःखं होती. त्या मुलाने मुलाखतीचं दुःख 'दादा'ला सांगितलं होतं, दादाच्या बायकोला नाही. तिने हे लगेच मान्य केलं नाही. गठ्ठा मात्र जाताना त्याच्या हातात दिला.

एरवी मी जोडप्यांना फोन बाजूला ठेवा असं सांगणाऱ्यांतली आहे. या घराला उलट सांगून पाहिलं : ज्या विषयावर तो 'चालेल' म्हणतो त्यावर त्याने तिला लिहून पाठवावं, सवडीने, हवं तेवढं खोडून. पुढच्या भेटीत कळलं की तिला ते अजिबात आवडलं नाही. "स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मेसेज? मला त्याच्या गटातली अजून एक मेंबर व्हायचं नाहीये. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." माझ्या मते यात ती बरोबर होती. लिहिलेलं वाचताना तिला पुन्हा तोच, मसुद्यातला माणूस मिळत होता. तो समोर असताना थांबायची सवय तिला होत नव्हती. त्याला मात्र ते लिहिणं सोडवत नव्हतं. मुलीच्या शाखेबद्दल त्याने तिला भलंमोठं लिहिलं होतं, आणि त्याचं मत तिच्या मताच्या अगदी विरुद्ध होतं. त्यावरून दोघांचं खडाजंगी भांडण झालं. तिच्या सांगण्यात राग होता, पण "अहो, त्याला मत आहे!" असं काहीसं कुतूहलही होतं. शेवटी आम्ही लिहिणं ठेवलं, फक्त उत्तर समोरासमोर द्यायचं आणि ते देताना तिने त्याचं एकही वाक्य पुरं करायचं नाही असं ठरवलं. गटात तो लिहीत राहणार होता. ते ती वाचणार नव्हती. त्याने दाखवलं तर गोष्ट वेगळी.

काही आठवड्यांनी माझा फोन वाजला. पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास, मग एक अक्षर, तेच पुन्हा, पुन्हा. अशा फोनवर लोक 'हॅलो, आवाज येत नाहीये' म्हणून ठेवून देतात, आणि त्याच्यासारखे कितीतरी जण फोन करायचंच सोडतात. मी थांबले. त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, टोपणनाव नव्हे, खरं. त्यात बराच वेळ गेला. मग भेटीची वेळ बदलून हवी आहे हे सांगायला सुरुवात केली. मागून तिचा आवाज आला, "गुरुवार म्हण, गुरुवार!"

"श... श... शुक्रवार," तो म्हणाला. "मला शुक्रवार हवाय."

शुक्रवारी माझ्याकडे वेळ नव्हता. शनिवार ठरला.